वहिनींची हूड-खरेदी

वहिनी कॅमेऱ्याच्या लेन्सचं हूड चपलेसारखं निवडायच्या. चढवायचं, दुकानात चार पावलं फिरायचं, तोंड वाकडं करून काढून ठेवायचं. बाजूचा प्रकाश लेन्सवर पडू नये म्हणून लावायची ती साधी प्लास्टिकची कड. पण वहिनी दारात दिसल्या की घाटकोपरचा तो दुकानदार आधी स्वतःसाठी चहा मागवायचा.

लग्नांचे फोटो काढणाऱ्या वहिनींकडे मी मदतनीस होते. त्यांचा सगळा जीव ग्रुप फोटोच्या कोपऱ्यांत. "मधले हसतातच गं. रुसलेले कडेला उभे राहतात. तेच कापले गेले की बारशालाही येत नाहीत." लोकांना आत ओढायला त्यांचा आवाज पुरायचा. माझा नाही. इंग्रजी शाळेत मी हात वर करून बोलायला शिकले होते. लग्नात तो हात कुणी बघत नाही.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मुलुंडचं एक लग्न माझ्यावर आलं. त्यासाठी हूड घ्यायला गेलो. मी सगळ्यात लांब हूड उचललं.

"हे कशाला? मागे लपायला?"

खरं होतं.

"लाव. दुकानातल्या सगळ्यांचा फोटो काढ. जमलं नाही तर मुलुंड दुसऱ्याला देते."

मी "जरा जवळ…" असं काहीतरी पुटपुटले. कुणी हललं नाही. तसाच फोटो काढला. रुंद लेन्सवर लांब हूड, त्याचीच कड फोटोत आली. चारही कोपरे काळे. वहिनींनी स्क्रीन बघितली. "नवऱ्याचे मामा गेले. नवरीची आत्या गेली."

"मॅडम, मी पण गेलो," कडेला उभा असलेला दुकानदार म्हणाला.

"मग रुसा आता."

मी आखूड, पाकळ्यांसारख्या कापलेल्या कडेचं हूड चढवलं. कोपरे उजळले, पण दोन गिऱ्हाइकं अजून चौकटीबाहेरच. वहिनी हाताची घडी घालून छताकडे बघत होत्या. मदत येणार नव्हती.

"ओ काका, आत या ना. ट्रायपॉडवाले, तुम्ही पण. मोबाईल खाली."

आवाज एवढा मोठा निघाला की फुटपाथवरून जाणारे एक आजोबाही आत येऊन उभे राहिले.

वहिनींनी फोटो न बघताच दुकानदाराला सांगितलं, "हे बांधून द्या. मुलुंडला हीच जाईल."

ऑपरेशननंतर त्या भावाकडे चिपळूणला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. लग्नाच्या सीझनमध्ये मी हॉलमधूनच त्यांना फोन लावते.

"हळू बोल गं," म्हणतात. "ऑपरेशन डोळ्यांचं झालंय, कानांचं नाही."