तेहतिसाव्या पानावरचं बटण

जयाबाई आधी माणसाच्या छातीकडे बघतात, मग तोंडाकडे. त्यात वावगं काही नाही. बेळगावच्या कॅम्पात लष्करी गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात त्या चौतीस वर्षं काजं-बटणं करतात. बेळगुंदीहून आठच्या बसने येताना अनोळखी माणसालाही सांगतात, "आण्णा, एक बटण चुकलंय बगा." माणूस ओशाळतो, पण बटण नीट लावतो.

अशा बाईने माझ्या विज्ञानकथेत नाक खुपसावं हे मला मुळीच रुचलं नव्हतं. मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आहे, आणि माझा स्वभाव तिखट आहे हे माझी बायकोच सांगेल. निवृत्त झाल्यावर मी एका कॉमिकची कथा लिहिली: शनीजवळ भरकटलेल्या यानात एकटा उरलेला कप्तान. चित्रं माझी भाची अदिती काढत होती. पुण्याच्या प्रकाशकांनी ते दोनदा परत पाठवलं. "पानागणिक कप्तान बदलतो. शनिवारी शेवटचं बघतो, नाहीतर नाद सोडा." अदितीची दोन वर्षांची मेहनत त्या शनिवारवर येऊन ठेपली होती.

कप्तानाचा कोट खरा दिसावा म्हणून मंगळवारी ती जयाबाईंच्या दुकानात गेली. मीही सोबत होतो. जयाबाईंनी तिची पानं मांडीवर घेतली. शिक्षण चौथी, ओळीवर बोट ठेवून वाचायची सवय. दहा मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"सर, ह्यो तुमचा कप्तान गडी हाय का बाई?"

"म्हणजे?"

"हितं काज डाव्या अंगाला. गड्याचा कोट. पुढल्या पानावर उजव्या अंगाला. बाईचा."

अदितीने कपाळावर हात मारला. ती स्वतः कोट घालून मोबाईलवर फोटो काढायची आणि त्यावरून चित्र उतरवायची. पुढच्या कॅमेऱ्यातले फोटो आरशासारखे उलटे आले होते. ती पानं मी पन्नास वेळा पाहिली होती आणि शनीच्या कड्यांचा कोन तपासत बसलो होतो!

शिवणीत खोट दिसली की त्या दुकानात तिथे लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालतात. जयाबाईंनी माझ्या कथेचंही तेच केलं. खिसा सरकला, टाका. खांद्यावरच्या दोन ताऱ्यांचे तीन झाले, टाका. "बडती कवा झाली ह्येची?" हातमोज्याला सहा बोटं, टाका. दुकान बंद व्हायच्या वेळेला एकसष्ट टाके झाले.

"आता शनीच्या कड्यांनाही काजं करा," मी चिडून म्हणालो.

"त्ये तुमचं काम, सर," त्या म्हणाल्या आणि सुई ओवू लागल्या.

अदितीने तीन दिवस मान वर न करता साठ चुका दुरुस्त केल्या. उरली एक. नवव्या पानावर कप्तानाचं दुसरं बटण तुटून यानात तरंगत जातं, ही माझी लाडकी कल्पना. तेहतिसाव्या पानापासून मात्र ते बटण जागेवर दिसत होतं आणि तिथून पुढे दोनशे चित्रं होती. शुक्रवारी दुपारी अदिती दुकानात जयाबाईंपुढे बसून रडली. "आता होत नाही हो, जयाक्का." माझाही धीर सुटला होता.

जयाबाईंनी ते पान डोळ्यांजवळ धरलं. "मग ऱ्हाऊ दे की. लावलं आसंल कुणीतरी."

"यानात दुसरं कुणी नाहीच, जयाबाई!" मी ओरडलोच.

"बटण लागलंय म्हंजे हाय. आपसूक लागतंय व्हय?" त्यांनी एक पान मागे उलटलं. "आनि हितं नऊ दिस तापात निपचित पडलाय न्हवं? पाणी कुणी पाजलं त्येला?"

नऊ दिवस पाण्याशिवाय माणूस जगत नाही, एवढं विज्ञान मलाही येतं. एकसष्ट चुका अदितीच्या होत्या, पण सगळ्यात मोठी माझी होती.

तिथेच कापायच्या टेबलावर बसून मी शेवट नव्याने लिहिला. कप्तान बटणावर बोट ठेवतो आणि रिकाम्या यानात विचारतो, "हे कुणी लावलं?" मालखोलीचं दार उघडतं. सगळ्यांनी मेली म्हणून सोडून दिलेली, यानाची डागडुजी करणारी बाई दारात उभी असते. ते एकच पान अदितीने शनिवारी सकाळी नव्याने काढलं आणि सगळं कॉमिक पाठवून दिलं. दोनशे चित्रांना हातही लावावा लागला नाही.

दुपारी प्रकाशकांचा फोन आला. "बटण दिसलं आणि म्हटलं, झाली पुन्हा चूक! वैतागून शेवटपर्यंत गेलो आणि उठून उभाच राहिलो. छापतोय आम्ही. कल्पना कुणाची?"

'माझी' हा शब्द ओठांवर आला होता, खोटं कशाला सांगू? तो गिळला. "जयाबाईंची," मी म्हणालो.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी आम्ही ते दुकानात नेलं. जयाबाईंनी सरळ शेवटचं पान काढलं. ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "हे कुणी लावलं?" शिलाई मशिनी थांबल्या.

"चौतीस वर्सं झाली, सर. ह्या हाताखालनं किती कोट गेलं, गिनती न्हाय. येकानं इचारलं न्हाय कवा."

मग त्यांनी पुस्तक समोर धरलं आणि रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघावं अशा खणखणीत आवाजात कप्तानाला सांगितलं, "म्या लावलं रं!"