दोन साक्षीदार पाहिजेत

कुणाकडे एक सही मागून बघा. वर्षभर पुरतील एवढे किस्से जमतात.

माझ्या बायकोचे, सुनंदाचे, स्नायू एकेक करून संपावर चाललेत. आधी पाय, मग हात, आता जीभ जड झालीय. श्वास अडला की घशात नळी नको, मशीन नको, हे तिला कागदावर लिहून हवं होतं. महिनाभर मी भांडलो, मग गप्प बसलो. जीव तिचा आहे. कायद्यात हे बसतं, फक्त नोटरी आणि दोन साक्षीदार लागतात. म्हटलं, मोरिवलीच्या कंपनीतला आमचा सेकंड शिफ्टचा ग्रुप तीस वर्षांचा आहे. दोन सह्या म्हणजे काय मोठं!

*

आधी सोनिवलीला पाटलाकडे गेलो. आमच्या रजिस्टर लग्नात साक्षीदार हाच होता, तेव्हा न वाचता सही ठोकली होती. आता कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "पितृपक्ष संपू दे." तो संपला. "नवरात्रात असलं कुठं करतात?" मग दिवाळी आली. "मरणाच्या कागदाला कुठला मुहूर्त लागतो, ते एकदा सांगून टाक," मी म्हणालो. त्यानं चहा मागवला. मी न पिताच उठलो.

*

घोरपडे सफरचंदं घेऊन घरी आला आणि सुनंदासमोरच मला म्हणाला, "वहिनींना कंटाळलास का रे?" तीस वर्षं माझ्या डब्यातली तिच्या हातची भाकरी खाल्ली या माणसानं! पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि त्याला दार दाखवलं. तो गेल्यावर सुनंदा शब्द जुळवत म्हणाली, "सफरचंदं... ठेवून घ्यायची."

*

हातानं लिहिलेला तो कागद टाइप करून घ्यायला उल्हासनगरला गेलो. टायपिंगवाले सिंधी काका मध्येच थांबले. "साईं, मेरी माँ को मशीन पे रखा था. इक्कीस दिन. उससे किसीने पूछा ही नहीं." मग स्वतःचं आधार कार्ड काढलं आणि म्हणाले, कधी यायचं ते सांगा. ओळख ना पाळख. मला पाटलाचा आणखीच राग आला.

दुसरी साक्षीदार घोरपडेची बायको. सफरचंदांची तीच पिशवी घेऊन आली. "हे रडत बसलेत घरात. म्हणून मी आले."

*

नोटरी बेलवलीला आमच्या घरीच आला. सुनंदाचा अंगठा शाईत मीच बुडवला. काकांनी सही केली, घोरपडेवहिनींनी केली.

मग नोटरीनं कागद माझ्यापुढे सरकवला. वेळ आली की डॉक्टरांना 'आता थांबा' कोण सांगणार, त्याची सही तिथं हवी होती. त्यानं पेन दिलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी खिसे चाचपले. म्हटलं, "चष्मा कुठं तरी राहिला वाटतं. उद्या करू."

सुनंदानं बराच वेळ घेतला.

"तुमच्या... डोक्यावर आहे."