आक्कांची चिंधी आणि आमचं ग्राउंड

...तर वाळूची आयडिया माझीच होती, हे आधीच मान्य करून टाकते. मागच्या पोस्टमध्ये मी किती उड्या मारल्या होत्या ते सगळ्यांनी बघितलंय!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... वडगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एक ग्राउंड आहे. काँग्रेस गवत, फुटक्या बाटल्या, एक मोडकी घसरगुंडी. गल्लीतल्या लोकांनी तीन रविवार राबून ते साफ केलं, झोपाळे वेल्डिंग करून बसवले. फक्त झोपाळ्याखाली घालायला काहीतरी मऊ पाहिजे होतं.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ट्रेनी आहे. तिथं कास्टिंग झाल्यावर साच्यांतली उरलेली वाळू ढिगानं पडलेली असते. बारीक, मऊ, फुकट... साहेबांना विचारलं, टेम्पो भरला, पसरून मोकळी. ती काळी असते हे मला रोज दिसतं. इतकं रोज, की दिसतच नाही बघा.

सोमवारी संध्याकाळी पोरं झोपाळ्यांवर तुटून पडली. मी व्हिडिओ काढत होते... आणि समोरच्या घरातला माग मधेच थांबला. आमच्याकडं चालू माग असा थांबला की सगळी गल्ली मान वर करते.

समोर शैलाआक्का राहतात, घरातच साड्या विणतात. त्यांची सहा वर्षांची तनू खेळून आत गेली आणि मागावरच्या मोतिया साडीवर हात टेकला. काळा पंजा. पाचही बोटं, एकदम क्लिअर.

आक्का दारात आल्या. "इंजिनिअर झालीस न्हवं गं? आणि भट्टीतला काळा कचरा आणून पोरांच्या अंगावर घातलीस व्हय?" मी नुसती सॉरी सॉरी करत होते. "तुझ्या सॉरीनं साडी धुऊन निघती काय? तनू आता तिकडं पाय ठेवत न्हाय." दार बंद.

दुसऱ्या दिवशी आणखी चार घरांनी पोरं आत ठेवली. त्या घरांतही माग आहेत...

मंगळवारीच सगळी वाळू उचलली. पण चैन कुठली! कामावर असताना सारखा गल्लीचा ग्रुप उघडून बघायचे, कुणी त्या पंजाचा फोटो टाकलाय का. घरी येताना रिकामे झोपाळे. तनू खिडकीच्या गजांतून त्यांच्याकडं बघायची, आणि मी तिच्याकडं बघायचं टाळायचे.

शनिवारी सकाळी तीन पिशव्या घेऊन आक्कांचं दार वाजवलं. लाल माती, मुरूम, आणि शेजाऱ्यांच्या बांधकामातली उरलेली जाड वाळू. म्हटलं, "आक्का, ह्यातलं काय घालू ते तुम्हीच सांगा."

आक्का आत जाऊन एक चिंधी घेऊन आल्या... मोतिया. तोच तुकडा, पंजाचा, साडीतून कापून काढलेला. माझं तोंडच उतरलं.

त्याच्या कोऱ्या कडेवर ओल्या हातानं लाल माती चोळली, झटकली. डाग. मुरूम चोळला... पिवळा डाग. मग वाळू. चोळली, झटकली, चिंधी उजेडात धरली, परत चोळली. डाग नाही.

"ही घाल. पण दोनदा धुऊन. आणि फाटकाजवळ नळ बसव. हातपाय धुतल्याबिगर एक पोरगं घरात घेणार न्हाय मी."

"तनूला सोडाल, आक्का?"

"तिला कोण सोडतंय? ती कवाच गेली, बघ जा."

वळून बघितलं तर तनू झोपाळ्यावर... खाली नुसती उघडी जमीन, आणि ही आपली उंच उंच.

वाळू पडली, आज नळही बसला. तरी मी अजून प्रत्येक पोराचे तळहात बघत फिरतेय. ग्राउंड साफ करायच्या परवानगीसाठी मी ऑफिसं पालथी घातली, ग्रुपवर पोल घेतले... आणि ग्राउंडच्या अगदी समोरचं दार शेवटी वाजवलं, तेही चुकल्यावर. थँक यू आक्का, उघडलंत म्हणून.

खरं सांगा, तुम्ही असता तर पहिलं दार कुणाचं वाजवलं असतं?