एक तास वीस मिनिटं

"तासाभराचं तर हाय. आपल्याला पैठणला जायला याहून जास्त टाइम लागतो."

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत मटार सोलत होते. तो आकडा चार दिवसांपूर्वी मीच वाचून दाखवला होता.

मला आलेलं स्थळ समाजातलंच होतं. मुलगा कॅनडाच्या उत्तरेला एका खाणीवर इंजिनिअर. त्यानं घराचा फोटो पाठवला होता: एक खिडकी, आणि बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत. आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, तिथं आपलं माणूस कोण? मग आत्याला आठवलं की तिची लेक आणि जावई तिकडंच आहेत, दुसऱ्या एका लहान गावात, आणि तिथंही विमानतळ आहे.

घरात इंग्रजी काहीही आलं, औषधाचं खोकं असो की बँकेचं पत्र, की ते माझ्या हातात येतं. वडिलांनी दोन्ही विमानतळांमधलं अंतर बघायला सांगितलं. मी फोनवरून वाचलं: सहाशे वीस किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास वीस मिनिटं. आई एकदम मोकळी झाली. त्याच संध्याकाळी होकार कळवला.

खालची बारीक अक्षरं मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये वाचली. ते अंतर सरळ रेषेतलं होतं, नकाशावर पट्टी ठेवून मोजावं तसं. या दोन विमानतळांमध्ये विमान जातच नव्हतं. आधी दक्षिणेला मोठ्या शहरात जायचं, तिथं राहायचं, मग दुसरं विमान, पुन्हा एक रात्र, मग तिसरं. तेही हवा चांगली असेल तर.

मी सांगितलं नाही. कारणं शोधतेय असं म्हणाले असते, आणि मी खरंच शोधत होते. मला हवं की नको, हे कुणी विचारलं नव्हतं. तोवर साड्या आल्या, शेजारी कळलं. जो येईल त्याला एक तास वीस मिनिटं ऐकवलं जायचं, आणि मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी असायचे. उद्या सुपारी फोडायची होती.

दुपारी पाचोडहून थोरले काका आले. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलंय. किलोमीटर त्यांना सांगून उपयोग नसतो. वाटेत मुक्काम किती पडले, तेवढं अंतर. पाणी पिऊन त्यांनी तेच विचारलं.

आत्या हसली. "दादा, इमानाला कसला मुक्काम? तिथं काय रातच्याला कुणाच्या शेतात मेंढरं बसवायचीत?"

सगळे हसले. वडीलही. काका हसले नाहीत. बर्फात वाट धड असेल का, असं काहीतरी पुटपुटले आणि माझ्याकडं वळले.

"बाई, वाचलंस तू, मग तूच सांग. मुक्काम किती?"

मी मटारचं ताट खाली ठेवलं. खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते, आई स्वयंपाकघराच्या दारातून.

"दोन," मी म्हणाले. "सरळ विमान नाहीच काका, खालचं मी वाचून दाखवलं नव्हतं. आणि असतं तरी मला हे लग्न करायचं नाही."