पाचव्या शीलाला गप्प बसणारा

आमच्या ललितकडे सगळं काही होतं. वीज कंपनीत इंजिनिअरची नोकरी, अमरावतीत बापानं बांधलेलं घर, डोक्यावर दाट केस. नव्हती ती फक्त अक्कल, आणि त्यामुळेच बायकोही नव्हती.

मी त्याचा मामा, शेषराव. एसटीतून निवृत्त झालो. अमरावतीच्या स्टँडवर आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारल्या. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, नांदगाव खंडेश्वर. माइक बंद पडला तरी कोणाची गाडी चुकत नसे, इतका माझा आवाज. हाच आवाज पुढे समाजाच्या कामी आला. कोणाचं नामकरण असो की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, बुद्धवंदना आणि पंचशील म्हणायला मलाच पुढे बसवतात. ललितचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, काविळीनं गेले. काविळीच्या आधी रोज संध्याकाळी काय चालायचं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, म्हणून कोणी विचारलं नाही. तेव्हापासून माझी बहीण इंदूबाई आणि तिचा हा एकुलता एक दिवटा, दोघांची काळजी माझ्या गळ्यात.

दिवट्याचा छंद असा की तो विमानातून उडी मारतो. विमान चांगलं चालू असताना, कोणी ढकललेलं नसताना. थायलंडला जाऊन शिकून आला आणि आता दर हिवाळ्यात मध्यप्रदेशातल्या कुठल्याशा धावपट्टीवर जाऊन आभाळातून खाली येतो. पहिल्यांदा गेला तेव्हा गल्लीत बातमी पसरली की इंदूबाईचा पोरगा विमानातून पडला. चार बाया भेटायलाही आल्या. पोरगा धडधाकट निघाला याचं त्यांना जरा वाईटच वाटलं असावं, चहा न घेताच गेल्या.

मी एकदा त्याला विचारलं, "काहून करतं बे असं? काय कमी हाय तुले?"

"मामा, खाली दिवसभर एकच फोन येते, लाइट काहून नाही म्हणून. वर रेंज नाही."

त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर असं काहीतरी तयार असायचं. राजकमल चौकात आपण जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत असलो की हा सांगणार, "याच्यापेक्षा वर बरं. तिथं राँग साइडनं कोणी येत नाही." लोक गाडीच्या आरशाला हेल्मेट अडकवून फिरतात, ते पाहून म्हणणार, "आरशाचं डोकं महाग असते ना, मामा." आणि हे सगळं भर रस्त्यात, ज्याच्या आरशाला हेल्मेट आहे त्याला ऐकू जाईल असं. मार खाल्ला नाही तो माझ्या पांढऱ्या केसांमुळे.

पण त्याचं खरं आवडीचं प्रकरण म्हणजे दारूचा कायदा. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. तो कागद प्रत्यक्षात पाहिलेला माणूस मात्र तुम्हाला भेटणार नाही. आमच्या भाच्यानं जाऊन रीतसर काढला. तिथल्या बाबूनं काळजीनं विचारलं म्हणे, "कोणी पकडलं काय तुमाले?" तेव्हापासून हा कागद पाकिटात घेऊन फिरतो आणि दिसेल त्याला व्याख्यान देतो. "उडी माराले अठरा वर्षं पुरतात मामा, पण ग्लास धराले पंचवीस लागतात. वर्धा नदीच्या तिकडे बंदी, इकडे परवाना, अन् पिणारे दोन्हीकडे सारखेच. ड्राय डेच्या आदल्या दिवशी दुकानासमोरची लाइन पाहून घ्या, देशप्रेम म्हंजे काय ते समजते."

बरं, पितो तरी किती? उडी मारून सुखरूप खाली आला की मित्रांबरोबर एक बिअर. एवढ्यासाठी सरकारी परवाना! मी स्वतः अधूनमधून घेतो. अधूनमधून म्हणजे शनिवारी, आणि बुधवारी कोणी आग्रह केला तर. पण मी परवाना काढून चव्हाट्यावर मांडत नाही. मी निर्व्यसनी आहे. माझ्या लग्नाच्या वेळी तसं सांगितलं होतं आणि तेव्हापासून कोणी फेरतपासणी केलेली नाही.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण परवाना काढला त्या दिवसापासून हा पंचशीलात पाचव्या शीलाला गप्प बसू लागला. आमच्याकडे कुठलंही कार्य पंचशीलाशिवाय होत नाही. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही आणि मादक पदार्थ घेणार नाही, अशी पाच शीलं सगळे हात जोडून म्हणतात. हा चार म्हणायचा, पाचव्याला ओठ मिटायचा आणि हात मात्र जोडलेलेच ठेवायचा. मी चिडून विचारलं तर म्हणाला, "सरकारले लिहून देल्लं की पितो. मंग बुद्धाले कसं सांगू की पीत नाही?"

"अबे, बाकीचे सारे सांगतातच ना!"

"म्हणून तं मी चौथं मोठ्यानं म्हणतो," तो म्हणाला. चौथं खोटं न बोलण्याचं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अशा माणसाचं लग्न जमवायचं होतं. वय छत्तीस झालेलं. मुलीकडचे बायोडाटा मागवायचे, पाहायचे आणि नंतर फोन उचलायचे नाहीत. दोष बायोडाट्याचाच होता. फोटोच्या जागी त्यानं हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यानं काढलेला आभाळातला फोटो लावला होता. गालांत वारा भरून ते कानापर्यंत गेलेले, डोळे फाटलेले, तोंड उघडं. नवरदेव आहे की फाशीचा कैदी हे कळायला मार्ग नाही. सगळ्या वऱ्हाड प्रांताच्या बायोडाट्यांत एक ओळ ठरलेली असते, 'मुलगा निर्व्यसनी', मग तो मुलगा कुठल्याही जातीचा असो आणि कुठल्याही बारमध्ये बसलेला असो. त्या ओळीच्या जागी यानं लिहिलं होतं, 'कधीतरी बिअर, परवान्यासह'.

मी त्याला आमच्या श्यामच्या स्टुडिओत नेलं. श्याम मोठा कलाकार माणूस. काळ्याला गोरा करतो, टकलाला केस देतो, आणि दर्यापूरच्या पोराला स्वित्झर्लंडच्या बर्फात हनुवटीला हात लावून उभा करतो. ललितनं भिंतीवरचे नवरदेव पाहिले आणि तिथंच सुरू झाला, "श्यामभाऊ, या साऱ्याईचं एकच तोंड हाय. फोटो काढाचा असन तं माणसाले आधी घाबरवा, मंग बटन दाबा. तेव्हा त्याचं सोताचं तोंड येते." श्यामनं त्याला पुन्हा दुकानात आणू नका असं मला हात जोडून सांगितलं.

तेव्हा मी शहाणपण केलं. ललितला न सांगता श्यामकडून दुसरा बायोडाटा बनवून घेतला. एका साक्षगंधातला त्याचा चेहरा घेतला, श्यामनं त्याला कोट चढवला, मागे बर्फ टाकला. छंद वाचन. आणि ठळक अक्षरांत निर्व्यसनी. समाजाच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आठवडाभरात फोन येऊ लागले. स्वित्झर्लंडचा काही गुण असतोच.

त्यात अकोल्याचे देवराव होते, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी पायल शाळेत गणित शिकवते. एकदा लग्न झालेलं, वर्षाच्या आत माहेरी परतलेली. कारण विचारलं तर देवराव म्हणाले, "जमलं नाही." मीही काविळीवाल्या घरातला, जास्त खोदलं नाही. पायलनं ललितचा नंबर मागून घेतला, आणि मग दोघं रोज बोलू लागले. इंदूबाई सांगायची, पोरगा गच्चीवर फोन घेऊन एकटाच हसतो. उड्यांच्या हिवाळी कॅम्पला गेला नाही, पायलला अकोल्यात परीक्षेचं काम होतं म्हणून! ज्याला आभाळ सुटत नव्हतं तो फोनवर तिच्या पेपर तपासण्याच्या गोष्टींत रमला. त्याला ती पोरगी मनापासून आवडली होती. हे हुकलं तर तो पुन्हा कोणाला पाहायला येणार नाही, असं त्यानं आईला सांगितलं, आणि इंदूबाईनं मला. ती रडत नाही सहसा, त्या दिवशी रडली.

मुलगी पाहायला अकोल्याला निघताना मी गाडीत त्याला शंभर वेळा बजावलं. "आज पाचही म्हणजो. ओठ हालव निसते. आवाज मी देतो."

"पाहतो," म्हणाला.

देवरावांच्या घरी सगळं नेटकं होतं. बाबासाहेबांची तसबीर, बुद्धमूर्ती, पांढऱ्या चादरीवर फुलं. दोन्हीकडची मंडळी बसली आणि देवराव म्हणाले, "शेषरावजी, आवाज तुमचा. व्हा पुढे." मी सुरुवात केली. चार शीलं होईपर्यंत ललितचा आवाज माझ्या कानाशी स्पष्ट येत होता. पाचव्याला तो थांबला. मी लगेच आवाज चढवला. दर्यापूरची शेवटची गाडी सुटताना चढवायचो तसा. त्याच्या वाटचं आणि माझ्या वाटचं, दोघांचं मीच म्हटलं. खिडकीतली चिमणी उडाली.

पायल समोरच बसली होती. वंदना संपल्यावर तिनं शांतपणे मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. "मामाजी, माह्याकडे दोन बायोडाटे आले. एक मैत्रिणीनं पाठवला, एक ग्रुपवर आला. नाव एकच. यातला कोण आलाय आज?"

ललितनं वाकून पाहिलं. बर्फातल्या कोटवाल्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "मामा, हा कोण व्हय?"

मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फरशी मजबूत होती. इंदूबाईनं डोळ्याला पदर लावला. ललितनं पाकीट काढलं, त्यातून परवाना काढला आणि मोबाइलशेजारी ठेवला. "मी हा. तो तोंड उघडं असलेला. पितो कधीतरी. उडी मारल्यावर एक बिअर. पाचवं शील मी म्हटलं नाही, मामानं म्हटलं."

देवराव ताडकन उठले. "बाबासाहेबाच्या फोटोसमोर दारूचा कागद? आमच्या घरात चालत नाही हे. शेषरावजी, उठा तुमी."

मी उठलो. इंदूबाईही उठली. ललित मात्र पायलकडे पाहत बसून राहिला. त्या आभाळातल्या फोटोत जसा दिसतो, अगदी तसाच दिसत होता. वारा तेवढा नव्हता.

"बाबा, बसा," पायल म्हणाली. "पहिल्या नवऱ्याच्या बायोडाट्यात निर्व्यसनी होतं. अन् याच चादरीसमोर बसून त्यानं पाचवं शील साऱ्यांत मोठ्यानं म्हटलं होतं. तुमी आईले म्हणाले होते, पोराचा आवाज चांगला हाय."

देवराव उभेच राहिले. मग भिंतीला हात लावून हळूच बसले. मला कोणीच काही म्हणालं नाही, पण त्या खोलीत येऊन बसलेला मोठ्या आवाजाचा दुसरा माणूस मीच होतो. राग आला, नेमका कोणाचा ते मला सांगता आलं नसतं.

पायलनं ललितला विचारलं, "खोटं कधी बोलता?"

"रोज," तो म्हणाला. "लोकाईले सांगतो, पाच मिनिटांत लाइट येते."

ती हसली. मग तिनं परवाना उचलून त्याच्या हातात परत दिला. "ठेवा. ज्या दिवशी लपवून प्यावंसं वाटन, त्या दिवशी मले सांगजा." आणि चहा आणायला आत गेली. देवरावांनी मला बसा म्हटलं, माझ्याकडे न पाहता.

ही गोष्ट अकोल्याहून अमरावतीला आमच्याआधी पोचली. आपले लोक एवढे तत्पर विजेच्या बिलाच्या बाबतीत नसतात. लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला. निम्मे लोक नवरदेव पाहायला आले होते आणि निम्मे तो पाचव्याला काय करतो ते ऐकायला. श्याम दारात कॅमेरा घेऊन उभा होता. आज नवरदेवाला घाबरलेलाच टिपतो, असं मला येता येताच म्हणाला.

नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले. बौद्धाचार्य एकेक शील सांगू लागले आणि सगळा हॉल त्यांच्या मागून म्हणू लागला. मी पहिल्या रांगेत होतो. पहिली चार शीलं छताला लागली. चौथं ललितनं नेहमीसारखं मोठ्यानं म्हटलं.

बौद्धाचार्यांनी पाचवं सांगितलं. ललितचे ओठ मिटलेले होते. मी छाती भरून श्वास घेतला, आणि पायलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. साधंच पाहिलं. माझा श्वास तसाच बाहेर गेला, आवाजाविना. मागे पुरुषांच्या खुर्च्यांत कोणी खाकरलं, कोणी खिशात मोबाइल शोधू लागलं. देवराव चपलांकडे पाहत होते.

पाचवं शील त्या हॉलात फक्त बायकांनी म्हटलं. त्यात सगळ्यांत वरचा आवाज इंदूबाईचा होता. एवढी वर्षं मी तिच्या शेजारी बसून पंचशील म्हणत आलो, आणि बहिणीचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.