बिबट्याच्या पिल्लांची आई

न्हावऱ्याला आमच्या उसाची तोड चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. वनखात्याची डॉक्टरीण आली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पिल्लं तपासताना ती त्यांच्याशी बोबडं बोलत होती.

सासूबाई घाबरून म्हणाल्या, "बाई, घिऊन जा की त्यांना लांब."

"आजी, पिल्लं दिसली नाहीत तर त्यांची आई गावभर शोधत फिरेल."

तिनं पिल्लं क्रेटमध्ये घालून शेतातच ठेवली. दिवस मावळताना आम्ही तिघी शेतालगतच्या आमच्या घराच्या गच्चीवर श्वास रोखून बसलो. मादी आली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली.

मादी अजून जवळपासच असणार, त्यामुळे आनंदानं ओरडायची सोय नव्हती. डॉक्टरणीनं बूट काढले, सासूबाईंचे हात धरले आणि फुगडी सुरू केली. मला वाटलं, गुडघेदुखीवाल्या सासूबाई आता चिडणार. त्या कुजबुजल्या, "पोरी, जोरात फिर की!"