विहिरीतला राक्षस

गौतम सोमकुंवर नागपूरच्या वसतिगृहात फासे टाकून गोष्ट खेळायला शिकला होता. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, काय करणार ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशावर. रामाकोना या गावात नोकरी लागल्यावर दर रविवारी तो शेजारची मुलं जमवून ओसरीवर हा खेळ मांडायचा.

एका दुपारी त्यानं विहिरीतला राक्षस असा रंगवला की मुलं चिडीचूप झाली. पाणी प्यायला तो आत जाऊन आला, तर सहा वर्षांची हिमानी जागेवर नव्हती.

"ते राक्षसाले पाहाले गेली," त्या मुलांतला सागर म्हणाला.

घरामागच्या संत्र्याच्या बागेत बिनकठड्याची विहीर होती. गौतम अनवाणीच धावला. हिमानी काठावर पालथी पडून आत वाकली होती. हाक मारली तर दचकेल, तोल जाईल, म्हणून त्यानं तोंड घट्ट मिटलं. श्वास रोखून तो मागून गेला आणि तिचे दोन्ही पाय धरून तिला मागं ओढलं.

"सोडा न काका! मी त्याले बोलावून राहिली."

तिला छातीशी धरून तो तिथंच खाली बसला. मिठी काही सैल करेना.

"राक्षस नाही बेटा. तो मीच बनवला."

"मंग तुमी काहून एवढे भेले?"

"विहीर खरी आहे न," तो कसाबसा म्हणाला.

घरी नेऊन त्यानं तिच्या आईला, चंद्रकलाबाईला, सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी खेळ त्यानं चंद्रकलाबाईच्याच अंगणात, तिच्या नजरेसमोर मांडला.